तेविसावा आठवडा

पोऱ्याने टायर फरशीवर आडवा टाकला, एक पाय त्यावर रोवला आणि सुरी टेकवण्याआधी माझ्याकडे बघून पुन्हा विचारलं, "मॅडम, पक्का काटू ना?" त्याला खरंच आश्चर्य वाटत होतं. टायरची नक्षी भरलेली होती, खाचा खोल होत्या, कडा अजून टोकदार होत्या. असा टायर कुणी कापायला सांगत नाही. मी मान हलवली. पातं बाजूच्या रबरात शिरलं. मोठा आवाज होईल असं वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. जाड पुठ्ठा कापताना येते तशी कोरडी करकर आली, मग आतले धागे तुटल्याची बारीक टिकटिक, आणि टायर एका बाजूने उघडा पडला. बाहेर ठाण्याच्या घोडबंदर रोडवर ट्रकांचे हॉर्न चालू होते, दुकानाच्या पत्र्यावरून पागोळ्या गळत होत्या, भट्टीवर कुणीतरी चहा उकळत ठेवला होता. त्याने दुसरा टायर ओढला. मग तिसरा. पाचव्यापर्यंत मी तिथेच उभी राहिले, कारण नजर वळवली तर तो कापायचा राहील अशी मला भीती होती.

त्या दुपारला दीड महिना होऊन गेला. ती करकर अजून अधूनमधून कानाशी येते, विशेषतः सिग्नलला गाडी उभी असते तेव्हा.

ते टायर बाबांचे होते.

गाडीही बाबांचीच. २०१७ च्या गणपतीच्या आधी त्यांनी ती घेतली, तेव्हा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती. आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेला माणूस. एका मिलिमीटरचा शंभरावा भाग हा त्यांच्यासाठी बोलण्याचा विषय असायचा. गाडी आली त्याच आठवड्यात त्यांनी दोनशे पानी वही आणून तिला रेघा मारल्या: तारीख, किलोमीटर, पुढची हवा, मागची हवा, नक्षी. नक्षी ते व्हर्नियरने मोजत. व्हर्नियरच्या शेपटातून निघणारी बारीक पट्टी खाचेत सोडायची आणि आकडा वाचायचा. पहिल्या पानावर '७.९' लिहिलंय. त्यानंतर महिन्याला एक ओळ. नौपाड्याहून उपवनला फिरायला, कोपिनेश्वराच्या दर्शनाला (तिथे गाडी लावायला जागा नसते, तरी), वर्षातून एकदा नाशिकला आत्याकडे. एवढाच गाडीचा प्रवास. चार वर्षांपूर्वी काचबिंदूमुळे त्यांना कडेचं दिसेनासं झालं, आणि एका संध्याकाळी कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी किल्ली देवघराच्या खणात ठेवली. त्यावर घरात चर्चा झाली नाही. आई फक्त म्हणाली, "गाडी धुवायची तरी ना?" तेवढं ते करत राहिले.

गाडी सोसायटीच्या आवारात बदामाच्या झाडाखाली उभी असायची. झाडाची सावली दुपारी एकपर्यंत, मग पश्चिमेचं ऊन सरळ डाव्या बाजूवर. रविवारी सकाळी बाबा खाली उतरून दहा मिनिटं इंजिन चालू ठेवत, गाडी हातभर पुढे घेत, हातभर मागे. हवा दर महिन्याला एक-दोन पौंड आपोआप कमी होतेच. ते पायाच्या पंपाने भरत, मोजत, लिहीत. गेल्या चार वर्षांच्या ओळींत किलोमीटरचा आकडा जवळजवळ हललेलाच नाही. नक्षीही ६.१ वर थांबलेली. त्या ओळी मी नंतर एकदा सलग वाचल्या, आणि वही मिटून बराच वेळ तशीच बसले.

या मेमध्ये मी गाडी वाघबीळला माझ्याकडे आणली. माझं ऑफिस ऐरोलीला हललं होतं, बसने ठाणे स्टेशन गाठून पुढची लोकल धरण्यात रोज दोन तास जात होते, आणि बाबा स्वतःहून म्हणाले, "घेऊन जा, उभी राहून खराब होईल." तेव्हा आम्हा दोघांच्या मनात होतं इंजिन, बॅटरी, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. टायर कुणाच्याच डोक्यात नव्हते. मी विचारलं होतं एकदा. बाबा हसले. "टायर? १९ हजार किलोमीटर झालेत फक्त. नक्षी बघ." मी खाली वाकून बघितलं. खाचेच्या तळाशी १.६ मिलिमीटर उंचीची बारीक उंचवट्याची पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीला भिडली की टायर कायद्यानेही संपला. इथे पट्टी खोल तळाशी होती, अजून बरीच वर्षं लांब. वर बाजूला 'टीडब्ल्यूआय' अशी अक्षरं आणि बाण, तो उंचवटा कुठे आहे ते दाखवणारा. बाबांनीच मला ते लहानपणी दाखवलं होतं, स्कूटरच्या नाही, एका बसच्या टायरवर. मी निश्चिंत झाले.

जूनचा पहिला मोठा पाऊस पडला त्या संध्याकाळी मी कापूरबावडीचा पूल उतरत होते. वेग ४५ असेल. पुढच्या टेम्पोचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला, पायाखाली ती धडधड जाणवली आणि गाडी थांबली नाही. म्हणजे थांबली, पण आधी ती पाण्यावरून सरकली, साबणाच्या वडीसारखी, हलकी, अगदी शांत. अर्धा सेकंद असेल. टेम्पोच्या मागे लिहिलेलं 'आई एकविरा प्रसन्न' मला अक्षर न् अक्षर आठवतं. हातभर अंतर राहिलं. मागच्या सीटवर माझा मुलगा हेडफोन लावून बसला होता, त्याला काही कळलंही नाही. मी मात्र पुढचा सगळा रस्ता, मेट्रोच्या खांबांमधून, खड्ड्यांमधून, मानपाडा, पातलीपाडा, सायकल नुकती शिकल्यासारखी गाडी चालवत घरी आले. रात्री झोप लागेना. नक्षी तर भरलेली होती. मग ती पाणी कापत का नव्हती?

आठवडाभराने दुकानात गेले ते बाबांना न सांगता. मालक पन्नाशीचा, कपाळाला गंध, बोलणं कमी. त्याने नक्षीकडे बघितलंच नाही. हाताच्या पंजाने टायरची बाजू दाबली, अंगठ्याचं नख रबरात रुतवून पाहिलं, आणि पोऱ्याला चाक काढायला सांगितलं. टायर डिस्कवरून उतरला तेव्हा त्याने त्याची बाजू दोन्ही हातांनी वाकवली. मला वाटलं होतं तिथे गुळगुळीत काळं रबर आहे. वाकल्यावर तिथे भेगा उघडल्या. शेतात राबणाऱ्या बाईच्या टाचेला असतात तशा, एकमेकींना समांतर, बारीक, खोल. सोडलं की मिटल्या. पुन्हा वाकवलं की उघडल्या. डाव्या बाजूच्या दोन्ही टायरना जास्त, उन्हाकडच्या. "ताई," तो म्हणाला, "हा टायर चालून नाही संपला. उभा राहून संपला."

मग त्याने एका लांबट गोल चौकटीतले चार आकडे बोटाने पुसून दाखवले. २३१७. मी वर्षानुवर्षं ते बघत आले असेन आणि कधी वाचले नव्हते. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन साल: २०१७ सालचा तेविसावा आठवडा. जूनची सुरुवात. ज्या आठवड्यात तो टायर साच्यातून बाहेर निघाला तेव्हा माझा मुलगा पहिलीत जाणार होता. आता तो दाढीचा ब्रश मागतो. स्टेपनी काढली. तिच्यावरही २३१७. ती एकदाही जमिनीला लागली नव्हती. साच्यातून निघताना रबराचे बारीक केस राहतात ते अजून तिच्या अंगावर उभे होते, आठ वर्षं डिकीच्या अंधारात.

रबर म्हणजे मुळात झाडाचा चीक. तो पांढरट असतो. टायर काळा होतो तो काजळीमुळे. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये त्यात गंधक घालून तापवण्याची युक्ती शोधली म्हणून ते थंडीत फुटत नाही आणि उन्हात वितळत नाही. तरी हवेतला ओझोन आणि ऊन त्याला सुकवत राहतात. त्यावर उपाय म्हणून टायरच्या रबरात मेण आणि काही रसायनं मिसळलेली असतात. ती हळूहळू पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतात, आणि हे होण्यासाठी टायर फिरावा लागतो, वाकावा लागतो, दबावा लागतो. चालत्या टायरला ते तेल-पाणी आपोआप मिळतं. उभ्या टायरला मिळत नाही. वर एकाच जागी गाडीचं वजन. रबर कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही, खाचा कितीही खोल असोत. एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढाच असतो. चार तळहातांवर आपण मुलाबाळांना बसवून कापूरबावडीचा पूल उतरतो. त्या दिवसापासून रस्त्यावर शेजारी थांबलेल्या प्रत्येक गाडीच्या चाकाकडे माझी नजर जाते, आणि किती गाड्यांचे टायर बोडके आहेत हे पाहून पोटात गोळा येतो. शाळेच्या व्हॅन. त्यांच्याकडे तर बघवतच नाही.

बाबांच्या वहीत वयाचा रकाना नव्हता, एवढंच झालं होतं. जे मोजता येतं ते त्यांनी नेमानं मोजलं.

दुकानात बसल्या बसल्या रबराच्या त्या वासाने मला सरळ खोपटच्या पंक्चरवाल्याकडे नेलं. मी आठ-नऊ वर्षांची, बाबांची स्कूटर, एसटी स्टँडच्या बाजूला लाकडी टपरी. निम्मं पाणी भरलेलं पत्र्याचं घमेलं. ट्यूब काढून फुगवायची आणि हाताहाताने पाण्यात बुडवत जायची. कुठेतरी बुडबुड्यांची बारीक माळ उठायची. ते भोक शोधण्याचं काम बाबा मला देत. "सापडलं!" म्हणून मी ओरडायची आणि पंक्चरवाला पेन्सिलीच्या तुकड्याने खूण करायचा. कानशीने घासणं, सोल्युशन लावून फुंकर मारणं, पट्टी ठोकणं. तो वास, पेट्रोल आणि गरम रबर आणि ओलं लाकूड यांचा, मला अजून आवडतो. तिथेच बाकड्यावर बसून बाबांनी सांगितलं होतं की रोजच्या वापरातला हवेचा टायर एका जनावरांच्या डॉक्टरने बनवला. डनलॉप त्याचं नाव, आयर्लंडमधल्या बेलफास्टला राहायचा. त्याच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराची चाकं होती आणि दगडी रस्त्यावर पोराला हादरे बसत. म्हणून बापाने रबराची नळी करून त्यात हवा भरली. पेटंटचं साल १८८८. आणि 'स्टेपनी' हे वेल्समधल्या लानेली गावच्या एका रस्त्याचं नाव, जिथे दोघे भाऊ १९०४ च्या सुमारास जादा चाक बनवून विकू लागले. इंग्रजांनी तो शब्द कधीच टाकून दिला, आपण मात्र जिवापाड जपला. बाबांना अशा गोष्टी कुठून कळायच्या कोण जाणे. त्या बाकड्यावर बसून मला मात्र वाटायचं की टायर ही वस्तू मुळात एका मुलासाठीच बनलेली आहे.

नवे टायर निवडायला बसलो तेव्हा मालकाने आधी विचारलं ते पैशाचं. हे मला आवडलं नाही, पण त्याचंही बरोबर असेल. बहुतेक गिऱ्हाइकं त्याच दारातून आत येतात. जुन्या टायरवर लिहिलं होतं १८५/६५ आर १५ ८८ एच. बाजूवरचं हे लिखाण म्हणजे टायरची कुंडलीच आहे. १८५ मिलिमीटर रुंदी, तिच्या ६५ टक्के उंची, आर म्हणजे रेडियल, १५ इंची डिस्क. ८८ हा वजनाचा सांकेतिक आकडा: एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. दुकानात आलेला एक तरुण, त्याच्याही गाडीचं काम चालू होतं, मला प्रेमाने म्हणाला, "काकी, १९५ टाका, रुंद. मस्त दिसते गाडी, ग्रिप पण वाढते." कोरड्या रस्त्यावर वाढत असेल. पण आमच्याकडे चार महिने रस्ता कोरडा नसतो. रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, स्टिअरिंग जड होतं, पेट्रोल जास्त जातं, आणि उंची बदलली की काट्यावर दिसणारा वेगही खोटा होतो. दुसरीकडे मालकाने एक स्वस्त टायर दाखवला, माप तेच, पण शेवटचं अक्षर टी. टी म्हणजे १९०. मला एवढ्या वेगाने जायचंच नाहीये, मग काय बिघडलं? पण ते अक्षर नुसतं वेगाचं नाही, ते उष्णता सोसण्याचंही आहे. गाडी बनवणाऱ्याने जे ठरवलंय त्याच्या खाली उतरायचं नाही, एवढं मी पक्कं केलं. वजनातही नाही, वेगातही नाही. रुंद हवं, स्वस्त हवं, हे दोन्ही मोह एकाच दुपारी समोर आले आणि दोन्हींना नाही म्हणायला मला बाबांच्या व्हर्नियरचीच आठवण कामाला आली.

मग नक्षी. मालकाने तीन-चार टायर रांगेत उभे केले. मला पाण्याची वाट हवी होती: मधून सरळ जाणाऱ्या रुंद खाचा, कडेला निघणाऱ्या तिरप्या. फार चौकोनी ठोकळ्यांची नक्षी मातीच्या रस्त्याला बरी, पण काँक्रीटवर ती घुमत राहते. मऊ रबर पावसात छान धरतं, पण लवकर झिजतं. कडक रबर ६० हजार किलोमीटर काढतं आणि पहिल्या सरीत दगा देतं. विक्रेते किलोमीटर सांगतात, ओल्या रस्त्यावरचं थांबणं कुणी सांगत नाही, ते आपणच विचारायला हवं. मी विचारलं. मालकाचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला, आणि त्याने कोपऱ्यातला, त्याने आधी दाखवलाच नव्हता असा टायर पुढे ओढला. आयएसआयची खूण होती. मी आकडे पाहिले: दीड वर्ष जुना. पुन्हा आत पाठवला. पोरं माळ्यावर चढली, खडखडाट झाला, आणि एकाच आठवड्यात जन्मलेले पाच टायर खाली आले. ५-६ हजार एकाचे, पाचांचे २८ हजारांपर्यंत गेले. यंदा दिवाळीला सोफा बदलायचा होता, तो राहिला. स्टेपनी घेऊ नका, ती नवीच आहे, असं नवराही फोनवर म्हणाला. पण रात्री पावसात टायर गेला तर ज्या चाकावर आपण घरी येणार ते चाक आठ वर्षांचं नको.

आणि तेव्हा मालक म्हणाला, "जुने पाच ठेवून जा. दोन हजार कमी करतो."

दोन हजार म्हणजे बिलात चांगला फरक. मी हो म्हणणारच होते. मग सहज विचारलं, तुम्ही काय करणार यांचं? तो गप्प राहिला. पोऱ्याने उत्तर दिलं, अगदी निरागसपणे: पॉलिश मारायचं, चकाचक होतात, नक्षी तर आहेच, कुणीतरी घेऊन जातं. रिक्षा-टेम्पोवाले, भाड्याची गाडी चालवणारे. ज्यांना नवा परवडत नाही ते. रस्त्याच्या कडेला गुळगुळीत झालेल्या टायरवर गरम पात्याने नक्षी कोरून विकताना मी पाहिलंय, पण तिथे निदान फसवणूक उघडी असते. बाबांचे टायर तर कुणालाही फसवतील. त्यांनी खुद्द बाबांना फसवलं होतं. मला डोळ्यांसमोर मुंब्रा बायपासचा उतार दिसला, पाऊस, कुणाचा तरी टेम्पो, मागे कुणाचं तरी सामान आणि पुढे त्याचा पोरगा. ज्या टायरना बाबांनी दर महिन्याला हवा भरली, मोजली, लिहिली, ते कुणाच्या तरी घरावर... नाही. मी म्हटलं, कापा. माझ्या समोर कापा. दोन हजार नकोत.

मालक काही बोलला नाही. सुरी त्यानेच पोऱ्याच्या हातात दिली.

बाबांना मी सांगितलं नाही. "टायर बदलून, आपलं, फिरवून घेतले, पुढचे मागे," असं फोनवर अडखळत म्हणाले. खोटं. "अलाइनमेंट पण केलीस ना?" त्यांनी विचारलं. केली होती. शिशाची वजनं लावून बॅलन्सिंगही. तेवढं तरी खरं सांगता आलं. का लपवलं याचं उत्तर मला नीट देता येत नाही. पैशासाठी नव्हे. त्यांच्या आठ वर्षांच्या ओळी, तो ६.१, त्या सगळ्याखाली आपण एक रेघ मारून आलोय असं वाटत होतं, आणि ती रेघ दाखवायचं धाडस होत नव्हतं.

ऑगस्टमध्ये आत्याचं सहस्रचंद्रदर्शन होतं. नाशिकला जायचं, बाबा पुढे माझ्या शेजारी, आई आणि मुलगा मागे, डिकीत फराळाचे डबे. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जूनच्या ५ तारखेला सुरू झाला होता, आणि बाबांना कसाऱ्याचा तो जवळजवळ ८ किलोमीटरचा बोगदा बघायचा होता. निघायच्या आदल्या रात्री नात्यातल्या ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. समृद्धीवर जाताय ना, हवा पाच पौंड कमी ठेवा, टायर गरम होऊन फुटतो. हा समज इतक्या भल्या माणसांनी इतक्या मायेने पसरवलाय की खोडायला जीव होत नाही, पण तो जीवघेणा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते. १२० च्या वेगाने आमच्या गाडीचं चाक मिनिटाला हजारेक वेळा फिरतं. हजार वेळा वाकणं, हजार वेळा सरळ होणं, त्यातूनच ती उष्णता येते. आतले थर सुटतात आणि मग फुटतो. दाराच्या खांबावर स्टिकर असतो, आमच्या गाडीला ३३, तेवढी हवा थंड टायरमध्ये भरायची आणि वाटेत गरम झाल्यावर आकडा तीन-चार पौंड वाढलेला दिसला तर तो तसाच सोडायचा. नायट्रोजनही विचारलं एकाने. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन आहे. मिळाला तर भरा, नाही मिळाला तर हळहळू नका.

प्रवास छान झाला. वडप्याच्या पुढे आकाश उघडलं, डोंगरांवरून धबधबे उतरत होते, आणि मी वेग शंभरच्या आत ठेवला. काँक्रीटवर चाकांचा एकसुरी आवाज येतो, एखाद्या मोठ्या कारखान्याच्या बाहेर उभं राहिल्यासारखा. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. बोगद्यात शिरल्यावर त्यांनी काच थोडी खाली केली आणि कान बाहेरच्या दिशेने वळवला. मला वाटलं बोगद्याचा आवाज ऐकतायत. बोगदा संपला तशी त्यांनी काच वर केली आणि म्हणाले, "गाडी गप्प झालीय." मी काहीतरी म्हणाले, रस्ता नवीन आहे म्हणून. त्यांनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आत्याच्या अंगणात शेंदरी उजेड होता, रात्रीच्या पावसाने फरशी ओली. मी चहा घेऊन बाहेर आले तर बाबा प्लास्टिकचं स्टूल घेऊन पुढच्या डाव्या चाकाशी बसलेले. हातात पेनासारखा तो हवेचा गेज, मांडीवर वही. वही त्यांनी सोबत आणली होती हे मला माहीतही नव्हतं. टायर थंड असतानाच मोजायचं, हा त्यांचा नेम. व्हॉल्व्हचं टोपण शर्टाच्या खिशात. मी पायरीवरच थांबले. त्यांनी गेज बाजूला ठेवला आणि टायरच्या अंगावरून बोट फिरवलं, आणि बाजूला राहिलेला रबराचा एक केस चिमटीत धरून ओढला. तो हातात आला. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला.

"जुने कुठे आहेत?"

"कापून घेतले," मी म्हणाले. "नक्षी होती ना, म्हणून दुकानदार विकणार होता. भेगा पडल्या होत्या बाबा, बाजूला. वाकवल्याशिवाय दिसत नव्हत्या."

"स्टेपनी?"

"तीही."

ते बराच वेळ गप्प होते. आत आत्याच्या सुनेने मिक्सर लावला, बंद केला. मग त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, हाताने टायर पुसला आणि डोकं इकडे तिकडे करत, दृष्टीच्या मधल्या तुकड्यात नेमकं बसवत, ते चार आकडे शोधून काढले. त्यांना ती चौकट कुठे असते ते ठाऊक होतं. मी इतकी वर्षं समजत होते की नसेल.

"एकोणीस पंचवीस," त्यांनी वाचलं. मी सांगायला गेले की म्हणजे या वर्षीचा एकोणिसावा आठवडा, मेचा. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. "अण्णांचं जन्मसाल," ते म्हणाले.

आजोबांचं साल मला दुकानात दिसलंच नव्हतं. पाच टायरवर पाच वेळा वाचून मी पैसे दिले होते.

त्यांनी उरलेली तीन चाकं मोजली, स्टूल सरकवत सरकवत, मी फक्त चहाचा कप धरून मागे मागे फिरत. मग वही माझ्याकडे दिली. "तू लिही. माझा हात ओळीत राहत नाही आता." मी तारीख घातली, किलोमीटर घातले, पुढे ३३, मागे ३३. नक्षीच्या रकान्याशी थांबले, तर त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, तेलाच्या फडक्यात गुंडाळलेला, आणि पट्टी खाचेत सोडून मला आकडा वाचायला लावला. आठ. मी लिहिलं. वही मिटायला लागले तसं त्यांनी बोट पानाच्या उजव्या कडेला टेकवलं, जिथे रेघ नव्हती.

"इथे. एकोणीस पंचवीस."